महानंदाचा मेन कॉक

लातुरात महानंदाच्या गल्लीला पाणी आलं, हे सगळ्यांआधी महानंदाला कळायचं. अंगणातल्या नळाची तोटी ती बारा महिने उघडीच ठेवायची. आठवड्यानं कधीतरी त्या तोटीतून आधी नुसती हवा यायची, फुस्स करून. मग महानंदा दळण निवडत असो की पूजेला बसलेली, गळ्यातलं इष्टलिंग सावरत दारात धावायची. "नळ आलेऽऽ!" त्या हाकेवर अख्खी गल्ली घागरी घेऊन उठायची.

पाणी कसं साठवावं, धुण्याचं पाणी फरशीला आणि फरशीचं कढीपत्त्याला कसं पुरवावं, सगळं तिला ठाऊक. बंद कसं करावं, एवढंच ठाऊक नव्हतं. आणि कशाला असेल? पाणी आपलं आपण जायचं.

त्या दिवशी मात्र ते जाईना. हौद भरला, घागरी भरल्या, पुरणाचं पातेलं भरलं, देवाचा गडूसुद्धा भरला. शेवटी तिचे किराणा दुकानवाले यजमान, गुरुपादप्पा, लुंगी खोचून उठले.

"वाया जाऊन राहिलंय की! तोटी बंद करतो."

वर्षानुवर्षं न फिरलेली तोटी त्यांनी पकडीनं पिळली. ती फिरली नाही. उपटून हातात आली.

धार आडवी सुटली ती थेट ओसरीवर. तिथं मुलीच्या, शिवानीच्या, रुखवताच्या शेवया काठ्यांवर वाळत होत्या. महानंदानं हातानं ओढलेल्या, केसासारख्या बारीक, जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या; हात लावला तर तुटतील अशा. पहिल्या काठीवरच्या शेवयांचा बघता बघता लगदा झाला.

"अहो, हात लावा तिथं!"

गुरुपादप्पांनी तळवा दाबला. धारेचा पंखा झाला आणि दारात घागर घेऊन आलेली शेजारची शांतम्मा नखशिखांत भिजली.

"अप्पा, होळी हाय का काय आज?"

"आई, मेन कॉक कुठंय?" शिवानी ओरडली.

"कसला कॉक?"

"मीटरपाशी असतोय, ज्यानं सगळं पाणी बंद होतं!"

महानंदाला अंगणाच्या कोपऱ्यातली चौकोनी फरशी आठवली. नळ जोडणाऱ्यानं ती उचलून खाली काहीतरी दाखवलं होतं. तो जाताच महानंदानं, जागा सपाट आहे म्हणून, तिच्यावर पाण्याचा ड्रम मांडला होता. तो आता काठोकाठ भरलेला. मायलेकी आणि शांतम्मा, तिघींनी ढकलला, तसूभर हलला नाही.

"लवंडव, आई."

"काय?"

"ड्रम लवंडव!"

दारात जमलेली गल्ली माना उंचावून बघू लागली. लातुरात भरला ड्रम लवंडायचा! महानंदानं ड्रमवरचा हात मागं घेतला. पण दुसरी काठी टपटपायला लागली होती. तिनं डोळे घट्ट मिटले आणि खांदा लावला.

पाणी अंगणभर धावलं. शांतम्मानं सवयीनं पुढं घागर आडवी धरली. फरशी निघाली, खाली कोळिष्टकांत गंजलेला कॉक. महानंदानं तो पदरात धरून पिळला. आणखी पिळला. धार वाकली, बारीक झाली आणि थांबली.

"मी बंद केलं," महानंदा पुटपुटली. जन्मभर जाणाऱ्या पाण्यामागं धावलेली बाई आपल्या हाताकडं बघत राहिली.

मग तिनं कॉक जरासा उघडला. पाणी आलं. मिटला. गेलं. उघडला, आणि ते गुरुपादप्पांच्या तोंडावर.

"अगं ए!"

"थांबा ओ, बघून राहिले मी!"

ती हसत सुटली. मग शिवानी, मग शांतम्मा, मग सारी गल्ली. हसत हसतच सगळ्यांनी तिचा ड्रम पुन्हा भरून दिला, दुसऱ्या कोपऱ्यात.

वाचलेल्या शेवया एकही न तुटता नांदेडला शिवानीच्या सासरी पोचल्या. लग्नानंतर महानंदा पहिल्यांदा तिथं गेली, तेव्हा त्यांचीच खीर होती. विहीणबाईंनी विचारलं, "आणखी काय वाढू?"

"वाढू नका काही," महानंदा म्हणाली. "आधी सांगा, तुमचा मेन कॉक कुठंय?"

विहीणबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं अंगणाच्या कोपऱ्यात बघितलं. तिथं एक निळा ड्रम होता, काठोकाठ भरलेला.

महानंदानं वाटी खाली ठेवली आणि पदर खोचला.