जित्या बांगड्याचा रंग

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्रातल्या माशांची इतकी खडान्‌खडा माहिती असलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता, हे मी छाती फुगवून सांगतो. आमच्या रीतीने आम्ही त्यांना मामा म्हणायचो. धसईजवळ त्यांची भातशेती. साठी येईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, पण त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.

धसईच्या बाजारात मासळी यायची ती बर्फातून. नव्वदच्या सुमारापासून तिथे एक मासळीवाली बसायची. मामा तिच्या टोपलीपुढे उकिडवे बसत, एकेक मासा उचलून त्याचा पर छत्रीसारखा उघडत आणि आतल्या काड्या मोजत. मागे गिऱ्हाइकं ताटकळत. ज्याच्या परात अशा काड्या तोच खरा मासा, असा त्यांचा कायदा होता. मुशीच्या, म्हणजे छोट्या शार्कच्या, परात त्या नसतात, म्हणून तिला त्यांनी जन्मभर मासा मानलं नाही. एका लग्नात पानात मुशीचं कालवण आलं तेव्हा त्यांनी नुसता भात खाल्ला आणि वधूपित्याला तासभर कारण समजावलं. मासळीवाली आधी वैतागायची. पुढे पुढे मामा येईपर्यंत गिऱ्हाइकंच तिला टोपली उघडू देईनात.

मासा कुठे राहतो हे ते त्याच्या अंगावरून ओळखत. "ह्या लेप माशाचे दोन्ही डोळे एकाच अंगाला. म्हंजे हा तळाला आडवा पडून वर बघतो," असं ते सांगत. बांगड्याची पाठ काळपट, पोट पांढरं, म्हणजे तो वरच्या पाण्यातला. वरून पाहिला तर पाण्यात मिसळतो, खालून पाहिला तर उजेडात. हे पटवायला त्यांनी लावणीच्या दिवसांत चिखलाचं खाचरच समुद्र केलं होतं. बांध हा किनारा, गाळ हा तळ, आणि भाताच्या रोपांचा आवा हातात धरून लावणीच्या बायका कमरेत वाकलेल्या तशाच ऐकत. आत्या बांधावरून ओरडायची, "आधी भात लावा, मग शाळा भरवा."

पण बाजारात हसणारेही होते. न पाहिलेल्या समुद्राच्या थापा मारतो, असं ते तोंडावर म्हणत. मामा टोपलीतला पुढचा मासा उचलत. पण ते त्यांना लागत होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून २००३ साली माझी बदली कोकणातल्या एका किनाऱ्यावरच्या गावी झाली, तेव्हा मी त्यांना बोलावून घेतलं. निघताना ते आत्याला म्हणाले, "तिथं चुकलो तर बाजारात माशांवर तोंड उघडणार नाय." आत्या म्हणाली, "मग चुकाच एकदा."

सकाळी किनाऱ्यावर मच्छीमार रापणीचं मोठं जाळं ओढत होते. मी कौतुकाने मामांची ओळख करून दिली, तेव्हा एका म्हाताऱ्या रापणवाल्याने गालात हसून मेलेला एक मासा त्यांच्या हातात ठेवला. गुलाबी अंगाचा, हनुवटीखाली दोन मिशा. असा मासा धसईला कधी आला नव्हता. मामांनी पर उघडला, तोंड दाबून पाहिलं.

"तोंड खाली वळलेलं हाय. ह्या मिशा चाचपायला. वाळू उकरून खात असंल हा."

म्हातारा हसायचा थांबला. "बरोबर. वाळूतच चरता तो."

मला तर त्यांना खांद्यावर घेऊन गावभर फिरवावंसं वाटलं. पण मामांचं लक्ष जाळ्याकडे होतं. जाळं वाळूवर आलं आणि जिवंत बांगडे उसळले. हिरवे, निळे, मोराच्या पिसासारखे चमकणारे. मामांनी त्यातला एक उचलला. तो तडफडला, शांत झाला, आणि बघता बघता त्यांच्या ओंजळीतच त्याचा रंग विझला. उरला तो धसईचा बांगडा.

"रंग तेवढा जन्मभर चुकीचा सांगितला रे," ते म्हणाले. त्याच दिवशी ते परतीच्या एसटीत बसले.

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम रजा काढून गेलो. मामा टोपलीपुढे बसले, पण त्यांनी माशाला हात लावला नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "काळपट सांगत व्हतो ती मेल्याची पाठ. जिता बांगडा तसा नसतो. मी चुकलो. आता बोलणार नाय."

हसणारेही पुढे सरकले. मासळीवालीच म्हणाली, "मामा, मी तरी जिता कुठं पाहिलाय? मला पन बर्फातलाच मिलतो. कसा असतो, सांगा ना."

मामांनी सोबत आलेल्या आत्याकडे पाहिलं. आत्या हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाली, "सांगा आता. मी पन ऐकते."

मग मामा बोलले. पर नाही, काड्या नाहीत, नुसता रंग सांगितला, आणि सगळा बाजार ऐकत उभा राहिला. त्या दिवसाइतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कशाचाही वाटलेला नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाजारात बांगडा घेताना मी अजून एकदा पर उघडून बघतो. काड्या सगळ्या जागेवर असतात. रंग कसा होता, ते मासळीवालीला सांगावंसं वाटतं, पण मामांसारखं मला सांगता येत नाही.