फणसाच्या चिकाने जोडलेला कर्णा
फणस चिरताना हाताला चीक लागला की मला यांनी घरी केलेला रेडिओचा कर्णा आठवतो. तोवर रेडिओ कानाला एक तुकडा लावून ऐकावा लागे, म्हणून तो एकट्या यांनाच ऐकू येई. सगळ्यांना ऐकता यावा म्हणून यांनी पुठ्ठ्याचा कर्णा वळला, सांधे फणसाच्या चिकाने जोडले, वर तांबडा रंग दिला आणि कानाला लावायचा तुकडा त्याच्या बुडाशी बसवला. मी नुकतीच हिवतापातून उठले होते. तापावरच्या क्विनाइनने कानात सारखी गुणगुण होई, कमी ऐकू येई. पण बहिरी सून कोण ठेवून घेईल, म्हणून कुणाजवळ बोलले नव्हते. तिन्हीसांजेला सगळे पडवीत जमले. यांनी कळ फिरवली. सासूबाईंनी डोळे मिटले, दीर मान डोलवू लागले. मला मात्र काहीच ऐकू येईना. आता आपले कान पुरतेच गेले, असं वाटलं. तेवढ्यात मामंजी खेकसले, "अरे, हा वाजतोय की नुसता बसलाय? मला तर काय एक ऐकायला येत नाही!" "मला तरी कुठे येतंय?" सासूबाई म्हणाल्या. दीर ओशाळून हसले. चीक ओघळून कानाच्या तुकड्यातली, आवाज काढणारी चकतीच चिकटली होती. यांचा चेहरा एवढासा झाला, आणि मी पदराआड हसू दाबलं. पुढे कर्णाही वाजला, माझे कानही मोकळे झाले. पण तो मुका निघाला तेव्हा मला किती हायसं वाटलं, हे मी यांना जन्मात सांगितलं नाही.