सरळ केलेले सूर

आमच्या ह्यांना म्हातारपणी अल्बम काढायची हौस आली, आणि तोही भजनाचा नाही, ब्लूजचा. ब्लूज म्हणजे काय ते उंब्रजात सांगत बसलं तर नमनालाच घडाभर तेल जातं. मी आपली थोडक्यात सांगते. काळजातलं एखादं दुःख घ्यायचं आणि गिटारवर ते इतकं घोळवायचं की शेवटी दुःखालाच कंटाळा यावा. हे फौजेत असताना शिलाँगला होते, तिथल्या एका सोबत्यानं त्यांना हे वेड लावलं. दोघांनी मिळून तिथंच एक कॅसेटही काढली होती. पुढं पेन्शन आली, ऊस आला, लेकीचं शिक्षण आणि लग्न आलं, आणि गिटार फक्त संध्याकाळपुरती उरली.

संध्याकाळी हे मागच्या पडवीत खुर्ची टाकून बसायचे. तोंड उसाकडं, पाठ माझ्या स्वयंपाकघराकडं. मला त्रास नको म्हणून, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या वाजवण्यात एक जागा यायची. बोटानं तार ओढून धरायचे, मग सूर कण्हत कण्हत वर चढायचा, आता पोचला असं वाटेपर्यंत अडायचा आणि सावकाश मागं यायचा. माझं माहेर कोयनानगरचं. भरलेली एसटी घाट चढताना अस्साच आवाज काढते. मी भाकरी थापता थापता ओरडायची, "आवं, चढवा की एकदाची ती गाडी! का पॅसेंजरला उतरून ढकलाय लावताय?"

हे मान न वळवता म्हणायचे, "गाढवाला गुळाची चव काय!"

गेल्या वर्षी लेकीनं मनावर घेतलं. बाबांची बोटं सुजायला लागलीत, जे काय वाजवायचं ते आत्ताच रेकॉर्ड करून ठेवू, असं तिचं म्हणणं. खरंच होतं ते. थंडीत सकाळी ह्यांना शर्टाचं बटण लावायलाही वेळ लागायचा. आत्ता झाला नाही तर हा अल्बम कधीच होणार नाही हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं.

सांगलीत एकानं घराच्या माडीवर स्टुडिओ थाटलाय. पंचक्रोशीतली भजनी मंडळं, गणपतीची गाणी, निवडणुकीचा प्रचार, सगळं त्याच्याकडंच होतं. माणूस मोठा भाविक. पहिल्या दिवशी त्यानं कॉम्प्युटरपुढं नारळ फोडला, उदबत्ती लावली आणि पेटीवर सूर धरून दिला. त्यानंतर हे एसटीनं जात-येत राहिले. सकाळी निघताना मी त्यांच्या बोटांना गरम तेल चोळून द्यायची. परत यायचे ते दमून, पण चेहरा असा की हळद लागलेल्या नवरदेवानं बघत राहावं.

काम झालं आणि ऐकायला बोलावणं आलं. मीही बरोबर गेले. खरं सांगायचं तर मला तिथल्या बाजारातून हळद आणि बेदाणे आणायचे होते.

पहिलं गाणं लागलं. आवाज स्वच्छ, ठणठणीत. ती जागा जवळ आली तशी मी मनातल्या मनात चढाला तयार झाले. पण सूर एका दमात वर गेला आणि पेटीवर बोट ठेवावं तसा गप उभा राहिला. दुसऱ्या गाण्यातही तेच. मी ह्यांच्याकडं पाहिलं, तर हे मांडीवरच्या स्वतःच्या बोटांकडं बघत बसलेले.

"घाटातली गाडी कुठं गेली?" मी मोठ्यानंच विचारलं.

रेकॉर्डिंगवाल्याला आधी काही कळेना. ह्यांनी खाली मान घालूनच त्याला समजावलं, मग तो खुशीत हसला. "काकू, काकांचं सूर मधी मधी लोंबकळत हुतं. धड ह्या पट्टीवर न्हाई, धड त्या पट्टीवर न्हाई. वय झालं की हुतंय तसं. आपल्याकडं समदं बुवा येत्यात, त्यांचंबी मी असंच करून देतो. एकेक सूर पेटीला लावून सरळ केला. लय येळ बसाय लागलं."

त्याच्या मनात पाप नव्हतं. त्यानं ह्यांची लाज राखली होती.

आता हे भडकणार, असं मला वाटलं. पण हे हळूच म्हणाले, "बरं केलंसा. बोटात जोर ऱ्हायला न्हाई आता. वाकडंच लागत असतील."

मला असा राग आला की काय सांगू. ह्या माणसानं आयुष्यात कधी हार मानलेली मी पाहिली नव्हती.

"वाकडं लागत न्हाईत, त्ये वाकडं लावत्यात!" मी त्या रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाले. "कवापास्नं ऐकतीया मी. ती गाडी वर पोचत न्हाई, पोचायचीच न्हाई. पोचली की गाणं संपलं. हायत का मूळचं सूर ठिवल्यालं? मग काढा बघू."

त्यानं ठेवले होते. खटाखट बटणं दाबून त्यानं मूळचं लावलं. सूर कण्हला, चढला, अडला आणि मागं आला. तो डोकं खाजवत म्हणाला, "असंच पायजे?"

"असंच," हे म्हणाले. आणि हा आवाज मात्र माझ्या ओळखीचा होता.

एसटीनं इस्लामपूर सोडलं. मग हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू ऐकत हुतीस व्हय गं?"

"न ऐकून जाती कुठं? चूल तितंच हाय की माजी."

मी त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं नाही, हळदीची पिशवी सारखी करत बसले.

अल्बम आता सगळ्यांच्या फोनवर आहे. शिलाँगच्या सोबत्याचा फोन आला, दोघं हिंदीत बोलत पोरांसारखे हसले. गावातले लोक ऐकतात, "लय भारी" म्हणतात आणि नुसती गिटारच ऐकू येते, गाणं कधी सुरू होणार म्हणून विचारतात. मला त्याचं हसू येतं.

पण माझ्या ध्यानात राहिली ती सांगलीहून परतल्याची संध्याकाळ. हे गिटार घेऊन पडवीत गेले. खुर्ची उचलली आणि फिरवून ठेवली. पाठ उसाकडं, तोंड माझ्याकडं.

"वाजवू का?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"थांबा," मी म्हणाले, "गॅस बंद करते. लय आवाज करतोय."