राहून गेलेली कानपिळी

मागच्या रविवारी दुपारी आमच्या भाऊजींना एका भोपळ्याने मारलं... आणि बोलणी मी खाल्ली.

घाबरू नका, गेममध्ये. मोबाईलवर एक गेम आहे, त्यात आपापला माणूस बनवायचा. नाक, मिशा, उंची, सगळं आपल्या मनासारखं. मग टोळी करून जंगलात फिरायचं अन् राक्षसांशी मारामारी करायची. राक्षस पण कसे... दात काढून हसणारे भोपळे आणि चड्ड्या पळवणारे बेडूक!

मी इकडे केरळात, प्लायवूडच्या कारखान्यात. नववीत शाळा सुटली तेव्हापासून पाय एका जागी ठरलाच नाही. पुणे झालं, सुरत झालं, आता हे. सुट्टीच्या दिवशी खोलीवर हाच गेम खेळत पडायचं... ताईलाही मीच नाद लावला.

ताईचं लग्न या उन्हाळ्यात झालं. ऐनवेळी माझी सुट्टी रद्द झाली आणि सख्खा भाऊ असून मी पोहोचलोच नाही. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो, बहिणीला नीट ठेव म्हणून. तो मान आमच्या चुलतभावाने, गजूने उरकला.

तेव्हापासून भाऊजींचं अन् माझं फोनवरचं बोलणं म्हणजे... "बरं हाय ना?" "हाव." "पाऊस?" "पडला." संपलं. मला वाटायचं, माणूस मनात धरून बसला.

ताईला ते फार लागायचं. "बँकेच्या लाईनीत उभे असल्यावाणी बोलता तुमी दोघं. मले एकच भाऊ हाय, अन् तो माह्या घरी काय जन्मभर पाहुणाच राह्यते का?"

तर त्या रविवारी ती भाऊजींना घेऊन सासरहून, बार्शीटाकळीहून माहेरी आली होती, दर्यापूरजवळ आमच्या गावी. तिनेच भाऊजींच्या मोबाईलमध्ये गेम टाकला आणि कॉल स्पीकरवर ठेवला. भाऊजी कृषी केंद्रात कामाला. गंभीर माणूस, हसले तरी मिशीतल्या मिशीत.

मायही बघायला येऊन बसली. पहिलंच वाक्य, "माय वो! जवाईबुवाच्या अंगावर फाटके कपडे, अन् तू राजावाणी फिरून राहिला?"

नवीन माणसाला गेममध्ये गोणपाटाचेच कपडे मिळतात, हे तिला कोण सांगणार... मी माझं पिसांचं जाकीट काढून भाऊजींना दिलं. किती दिवस खपून मिळवलं होतं ते! मी उरलो बनियनवर.

जाकीट घालून भाऊजी ऐटीत पुढे निघाले. झुडपातून भोपळा आला, एक टक्कर दिली, भाऊजी आडवे.

"जवायाले पुढं कावून धाडलं बे? तू मर ना आधी!" मायने तिकडून तोफच डागली.

गेममध्ये मेलेला माणूस लगेच उठतो. भाऊजी उठले, पण आम्हाला सोडून गावाकडे चालू लागले. ताईने विचारलं, "अहो, कुठी चालले?" त्यांचा माणूस तसाच पुढे.

"चिडले वाट्टे..." ताई हळूच म्हणाली. तिचा आवाज पार उतरला होता. मी मनात म्हटलं, झालं... जे थोडंफार बोलायचे तेही आता बंद.

त्या गेममधल्या गावात एक न्हाव्याचं दुकान आहे, तिथे चेहरा बदलून मिळतो. भाऊजी त्या दुकानात शिरले. बराच वेळ लागला. बाहेर आले तर... बाप्पा! ससा परवडला. दोन्ही कान डोक्याच्या वर हातभर.

"घ्या साळेबुवा," भाऊजी म्हणाले. "केरळातून हात पोचत नव्हता ना तुमचा... वाढवून आणले. पिळा आता."

मी गारच पडलो. दुसऱ्याला धरून ओढायचं बटण असतं त्यात, पण जावयाच्या कानाला हात लावायचा कसा? तर तिकडून आवाज, "लाजतं कावून बे? ओढ ना!"

भाऊजींनी मला पहिल्यांदा 'बे' म्हटलं, अगदी घरच्यासारखं. मग ओढला. असा ओढला की त्यांचा माणूस कोंबडीसारखा ओरडला. माय म्हणे, "अरे हळू, जवायाचा कान हाय तो!" आणि ताई हसता हसता रडायलाच लागली.

ताईले सांभाळजा, असं म्हणायचं होतं मला. मी तोंड उघडायच्या आत भाऊजीच म्हणाले, "समजलं मले. गजूनं पिळला तवा नुसता दुखला होता."

कान पिळणाऱ्याला नवरदेवाने कपडे द्यायचे असतात. भाऊजींनी त्यांचे गोणपाटाचे कपडे दिले मला आहेर म्हणून! जाकीट त्यांच्याकडेच राहिलं, जावयाला दिलेलं परत कसं मागणार... मी अजून तो आहेरच घालून फिरतो. गेममधले अनोळखी लोक नवखा समजून भाकरी टाकतात पुढ्यात.

काल ड्युटी सुटली आणि भाऊजींचा फोन. ताई जवळ नव्हती, कामही काही नव्हतं. "असाच केला बे," म्हणाले. खोलीवर येईपर्यंत बोलत होतो.

एवढी गावं फिरलो, पण कामाशिवाय फोन करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच... त्यात घरचं एक माणूस वाढलं. लय बरं वाटलं.