जाळीसकट बावीस ओळी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या मालकांनी खिळ्यांची छपाई बंद करायचं ठरवलं, तेव्हा नौपाड्यातल्या त्यांच्या छापखान्यात मला जुळारी म्हणून दहा वर्षं झालेली. शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, एकेक उचलून ओळीत बसवायची, हे माझं काम. मराठी जुळवायचो, तसंच इंग्रजीही. इंग्रजीचा अर्थ लागत नसे, पण त्याने काही अडायचं नाही. उलट, अर्थ कळत नाही म्हणूनच ह्याच्या हातून चूक होत नाही, अशी माझी ख्याती होती. समोर दिसेल ते जसंच्या तसं.

चंद्रपूरकडच्या एका खेड्यातून सातवीनंतर शाळा सोडून मी इकडे आलेलो. नोकरी मागताना मात्र ‘दहावी नापास’ असं सांगितलेलं. खोटंच बोलायचं होतं तर निदान पास तरी म्हणायचं! तेवढी हिंमत झाली नाही. मालकांनी फार न विचारता ठेवून घेतलं, ठाकुर्लीला खोली बघून दिली, तापाने पडलो तेव्हा स्वतः डबा घेऊन आले. ते जितकं चांगलं वागत, तितकं ते खोटं मला जास्त टोचायचं.

तर मालकांनी दुसरा कॉम्प्युटर घेतला. पहिल्यावर लग्नपत्रिका चालायच्या. ह्यावर इंग्रजी कामं आणि ई-मेल करायचा बेत होता. चोरून कॉपी केलेली सिस्टीम नको, हा त्यांचा बाणा, आणि विकतची परवडेना. मग कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यांनी लिनक्स नावाची सिस्टीम टाकून घेतली. फुकट आणि शिवाय कायदेशीर! मालक खुशीत होते. फक्त मोडेम चालेना. मोडेम म्हणजे टेलिफोनची तार कॉम्प्युटरला जोडणारा डबा. तो दिवे लावून नुसता बसून राहायचा.

मालक म्हणाले, “हे बघ, वागळे इस्टेटच्या त्या कारखान्याचं प्रूफ शुक्रवारी ई-मेलने गेलं पाहिजे. तू हा डबा चालू करून दाखव, मशीन तुझं. नाहीतर मला क्लासमध्ये शिकलेला ऑपरेटर आणावा लागेल. मग तुला काय काम देऊ, तूच सांग.”

गावाला तर मी आधीच पत्र टाकून बसलेलो, की आता मी कॉम्प्युटरवर असतो.

त्या कारखान्यातल्या एक इंजिनीअर मॅडम घरी लिनक्स वापरायच्या. मालकांनी फोन केल्यावर त्यांनी एक कागद छापून पाठवला. वर थोडा इंग्रजी मजकूर, खाली बावीस ओळी. ह्या ओळी क्रमाने मशीनवर टाकायच्या, असा निरोप. मला हायसं वाटलं. बघून तसंच उतरवायचं? हे तर माझंच काम. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला उभ्या-आडव्या रेघांची एक छोटी जाळी होती, अशी: #. मी जाळी टाकली, मोकळी जागा सोडली, पुढची अक्षरं टाकली, एंटर दाबलं. मशीन काही बोललं नाही. दुसरी ओळ टाकली, तरी गप्प. बावीस ओळींत त्याने चकार शब्द काढला नाही. आमच्याकडे मालक काही बोलले नाहीत म्हणजे काम बरोबर, असाच रिवाज होता. मी खुश.

मोडेम ढिम्म.

दुसऱ्या दिवशी मी काकांना बोलावलं. काका चेंदणी कोळीवाड्यातले, माझ्याआधीचे जुळारी; काम सोडलं तरी छापखान्यात येऊन बसायचे. मला खिळे धरायला त्यांनीच शिकवलं. छापखान्यात प्रूफ तपासायची आमची पद्धत अशी, की एकाने अक्षर न् अक्षर मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने ताडून बघायचं. तसे आम्ही दोघं बसलो.

“जाळी,” मी कागदावरून म्हणालो.

“हाय,” काका पडद्यावर बोट टेकवून म्हणाले.

“मोकळी जागा.”

“हाय.”

“एल. एन. मोकळी जागा. आडवी रेघ.”

“मोठी का छोटी?”

“छोटी.”

“हाय. चल पुढं.”

सकाळ त्यात गेली. शेवटी काका म्हणाले, “आरं, येक टिंब पन सुटला नाय. तुजा काम चोख हाय. मशीनच येडा हाय.”

मग मी टेलिफोनची वायर बदलली. डबा खिडकीजवळ ठेवून पाहिला. काका बघत नाहीत असं पाहून त्याला हात लावून नमस्कारही केला. काका बघत होते.

शुक्रवारी दुपारपर्यंत प्रूफ पोचलं नाही, तेव्हा मॅडम स्वतःच आल्या. मालकही मागे येऊन उभे राहिले. पडद्याकडे बघून मॅडम म्हणाल्या, “दादा, ही हॅश तुम्ही टाकलीत?”

“कागदावर आहे ना, मॅडम.”

“अहो, ती खूण मशीन स्वतःच दाखवतं, इथून पुढे लिहा म्हणून. तुम्ही परत टाकलीत की त्याला वाटतं पुढचा नुसता शेरा आहे, त्यावर काही करायचं नाही.”

“सगळ्याच ओळींत?”

“बावीसच्या बावीस. इतके दिवस तुम्ही त्याला सांगताय, माझ्याकडे लक्ष देऊ नको. आणि ते बिचारं ऐकतंय.”

काका हसत हसत खाली बसले. मॅडमनी कागद उचलला. “पण वर लिहिलंय की मी, ही खूण टाइप करू नका म्हणून. वाचलं नाहीत?”

थाप मारायला माझ्याकडे पुरेसा वेळ होता, पण सुचली नाही.

“वाचता येत नाही, मॅडम. अक्षरं ओळखतो, अर्थ लागत नाही. सातवीत शाळा सोडली.” मग मालकांकडे वळून म्हणालो, “मी दहावी नापाससुद्धा नाही.”

“माहितीय,” मालक म्हणाले.

“कधीपासून?”

“पहिल्याच वर्षापासून. अरे, दहावी नापास झालेला माणूस जन्मभर गणिताच्या पेपराला शिव्या घालतो. मी दुसऱ्या खेपेला सुटलो, मी अजून घालतो. निकाल लागला की इथे सगळे बोलतात. तू एकदा तरी बोललास?”

“मग तुम्ही काही म्हणाला का नाहीत?”

“तुझ्या ओळींत चूक निघाली असती तर म्हणालो असतो. आज निघाल्या. बावीस.”

मी खुर्चीवरून उठायला लागलो. मॅडम म्हणाल्या, “उठता कुठे? टाका तुम्हीच. जाळी सोडून.”

पाचव्या ओळीला मशीनने पडद्यावर काहीतरी खडसावलं.

“मॅडम, चिडलं!”

“चिडू दे. म्हणजे आता ऐकतंय. तिथे एक अक्षर राहिलंय बघा.”

खरंच राहिलेलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं अक्षर सुटलं, आणि काकांनी कपाळाला हात लावला. बाविसावी ओळ टाकली, तसा डबा एकदम किंचाळायला लागला. मी घाबरून वायर उपटणार होतो. “अहो, फोन जोडतोय तो,” म्हणत मॅडमनी मनगट धरलं. थोड्या वेळाने प्रूफ गेलं.

“मशीन तुझं,” मालक म्हणाले. “पण ह्यापुढे अर्थ कळला नाही की विचारायचं.”

सोमवारपासून मी पडद्यावरच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारायला लागलो. बुधवारी मालक चष्मा काढून म्हणाले, “त्या क्लासवाल्या ऑपरेटरचा नंबर कुठे ठेवलाय रे मी?” मी उठून टेबलाचे खण धुंडाळायला लागलो. ते गंमत करत होते, हे मला कळायला जेवणाची सुट्टी व्हावी लागली, आणि तेही काकांनी सांगितलं म्हणून.