ठासणीची बंदूक आणि चिंचेचं पाणी

आमच्या घरमालकाचं बंदूक-दुरुस्तीचं काम कितपत सुरक्षित आहे हे तपासायला मी गेलो होतो, आणि मी जाईपर्यंत ते पूर्ण सुरक्षित होतं.

घरमालक म्हणजे अबू साद. रियाधमध्ये आम्ही त्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. दुपारपर्यंत तो सरकारी कचेरीत असतो आणि असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर अंगणातल्या खोलीत जुन्या बंदुका दुरुस्त करतो. परवाना अगदी रीतसर, भिंतीवर काचेत लावलेला. मी विमा कंपनीत. (तरी तो मला ‘मुहंदिस’ म्हणतो. इथे चष्मा लावला की माणूस इंजिनिअर होतो!) तो मोडकी हिंदी बोलतो, मी मोडकी अरबी, पण आमचं छान जमतं. एका मंगळवारी त्या खोलीत गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा तिसरा पेला ओतत त्याने विचारलं, "मुहंदिस, मी दुरुस्त केलेल्या बंदुकीने उद्या काही झालं, तर लोक मला धरतील का?"

झालं! मोटारी आणि फ्रीज यांचे विमे उतरवून माझा मेंदू गंजला होता. असला झकास प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी वहीच काढली.

"चाप तुम्ही बसवला, आणि महिन्याने बंदूक आपोआप उडाली तर?"

"मी चाप तीनदा तपासतो."

"गोळी शेजाऱ्याच्या उंटिणीला लागली तर?"

"कुठला शेजारी?"

"समजा हो! बरं, उंटीण गाभण असली तर?"

"अस्तगफिरुल्ला!" अबू साद खजूर चघळायचा थांबला.

मी रंगात आलो. दुरुस्ती चुकून कुणाला इजा झाली तर एक पॉलिसी, गिऱ्हाईक खोलीत घसरून पडलं तर दुसरी. "पण दुरुस्तीला आलेली वस्तूच तुमच्या ताब्यात असताना बिघडली, तर ती या दोन्हींत बसत नाही. तिला वेगळं कलम! सगळे इथेच फसतात," मी बोट वर करून म्हणालो. (ते बोट आठवलं की अजून लाज वाटते.)

टेबलावर तेव्हा एक ठासणीची बंदूक उघडी पडली होती. अबू नासर नावाच्या म्हाताऱ्याची, आजोबांपासून चालत आलेली. गुरुवारी नातवाच्या लग्नात ती खांद्यावर घेऊन तो नाचणार होता. (रिकामी!) दस्त्याला चीर गेली होती, म्हणून अबू सादने त्यावरच्या नक्षीदार पितळी पट्ट्या काढून ठेवल्या होत्या. काळ्याकुट्ट!

"हिची किंमत किती धरायची?" मी विचारलं.

"नातू म्हणेल शून्य. म्हातारा म्हणेल, माझा जीव. हिला काही झालं तर आमच्या लोकांत मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, मुहंदिस."

आता मला राहवेना. किंमत ठरवायची तर फोटो हवेत आणि खोलीतला उजेड पिवळा. "फक्त पट्ट्या वर नेतो, खिडकीत फोटो काढतो, दहा मिनिटांत आणतो," मी म्हणालो. अबू सादने विश्वास टाकला. माणूस विम्यातला होता ना!

पट्ट्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवतो न ठेवतो, तोच ऑफिसचा फोन आला. चाळीस मिनिटं चालला. माझी आई तेव्हा चिपळूणहून व्हिजिट व्हिसावर आली होती. आमच्याकडे सगळं स्टील आणि काच, त्यामुळे तीन आठवडे तिच्या हाताला घासायला पितळ लागलं नव्हतं. फोन ठेवला तर आतून खसाखसा आवाज!

"आई! हे काय केलंस?"

"काय म्हणजे? चिंच लावली, मीठ लावलं, नारळाच्या शेंडीने घासलं. बघ कसं लख्ख निघालंय!"

"अगं, ते शंभर वर्षांचं होतं!"

"म्हणजे शंभर वर्षं घासलंच नाही म्हण की! बाईमाणूस नाही का त्यांच्या घरात?"

माझ्या डोक्यात कलमं गरगरायला लागली. वस्तू अबू नासरची, ताबा अबू सादचा, नेली मी, घासली आईने. जबाबदार कोण? कुठूनही मोजलं तरी मीच!

पट्ट्या घेऊन खाली गेलो. अबू सादने पट्टी हातात घेतली आणि त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खाली बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"परत काळ्या करता येतील?" मी पुटपुटलो.

"येतील की. शंभर वर्षांत."

आणि नेमकी तेव्हाच दाराशी गाडी थांबली. अबू नासर काम कुठवर आलं ते बघायला हजर! त्याने पट्ट्या पाहिल्या, मग बंदूक पाहिली. "ही माझी नाही," तो म्हणाला.

"चाचा, तसं बघायला गेलं तर ही वस्तू ताब्यात असताना..."

"खलास, मुहंदिस!" अबू साद कडाडला.

तेवढ्यात आई माझ्या मागोमाग जिना उतरून आली. डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. "भाऊ, चुकलं माझं. मळलेलं दिसलं म्हणून घासलं. पोराला बोलू नका, त्याला तसंही काही कळत नाही." मी भाषांतर केलं. (शेवटचं वाक्य गाळून.)

म्हाताऱ्याने पट्टी नाकाशी नेली. "लिंबू?"

"नाही. चिंच," मी म्हणालो.

"तमर हिंदी!" तो हळूच हसला. अरबीत चिंचेला म्हणतातच तसं, हिंदुस्तानी खजूर. मग म्हणाला, "माझी आई ईदच्या आधी लिंबू आणि राख लावून या पट्ट्या घासायची. ती गेली, आणि पुन्हा कुणाला सुचलंच नाही. आम्ही त्या काळ्या रंगालाच आजोबा समजत बसलो." त्याने डोळे पुसले. मग त्याने आईपुढे बंदूक धरली. "नळीवरचं कडं राहिलंय. तेवढं या करून देतील का?"

"आणा इकडे!" आई म्हणाली.

गुरुवारी म्हातारा ती लखलखती बंदूक मिरवत नाचला आणि अबू सादची मान ताठ राहिली. पण माणूस सच्चा! विमा उतरवायचा तर अर्जात झाला प्रकार लिहायलाच हवा म्हणाला. मी मुकाट्याने सगळं लिहिलं. आमच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि पॉलिसी मंजूर केली, ताब्यातल्या वस्तूंच्या कलमासकट. फक्त एक खास अट घातली, आणि ती मलाच टाइप करायला लावली : ‘कंपनीच्या सदर प्रतिनिधीस दुरुस्तीच्या खोलीत प्रवेश देऊ नये. त्याच्या मातोश्रींस हरकत नाही!’