थ्रो-इनच्या निकालासाठी दुधनीपर्यंत

सोलापुरातून दुधनीला फिरायला म्हणून कोणी जात नाही. तूर विकायला जातात, लग्नाला जातात. मी गेले ते फुटबॉलचा एक प्रश्न विचारायला, आणि तो विचारल्याशिवाय परतायचं नाही असं ठरवूनच निघाले.

आधी प्रकरण सांगते. दर रविवारी सकाळी इरफानभाईंच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात, शटर अर्धं वर करून, आम्ही चार-पाच फुटबॉलवेडे एकमेकांना प्रश्न घालतो. तीनदा फायनल खेळून एकदाही वर्ल्डकप न जिंकलेला देश कोणता, असले. (नेदरलँड्स.) फोन बघायचा नाही आणि त्या दिवशीच्या पंचाचा शब्द शेवटचा. जिंकणाऱ्याला पहिला चहा, बाकी काही नाही. आमच्यातले सगळ्यात पक्के शिवानंदअण्णा. दुधनीच्या बाजारात मापाडी आहेत, पोत्यांचं वजन करण्यात जन्म गेला. पॅसेंजर पकडून दर रविवारी यायचे.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी पंच मी होते. शेवटचा प्रश्न होता : थ्रो-इनचा बॉल कुणालाही न लागता सरळ आपल्याच गोलमध्ये गेला तर काय? अण्णा म्हणाले, "कॉर्नर." मी ठासून सांगितलं, "चूक. समोरच्यांना गोल." वर जीभ वळवळली म्हणून जोडलं, "अण्णा, तुमचा काटा एकदा तपासून घ्या." सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्यानंतर कधीच नाहीत. फोन केला की "काम हाय बाजारात" एवढंच.

मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. या जानेवारीत खेळाच्या सरांनी सामन्यांसाठी नियमांचं पुस्तक आणलं. सहज चाळताना ते पान समोर आलं. कॉर्नर! अण्णा बरोबर होते. मला स्वतःचीच लाज वाटली. मापाड्याच्या काट्यावर बोट ठेवणं म्हणजे त्याच्या इमानावरच शंका घेणं, हे माझ्यासारख्या बाजारगावात वाढलेल्या बाईला कळायला हवं होतं.

त्या रविवारी दुकानातून अण्णांना फोन लावणार तेवढ्यात इरफानभाईंनी हात धरला. "फोन नक्को ताई. पंच गलत निकला तो सामनेवाले के घरकू जाके वोइच सवाल फिर पूछना. रूल अपनेच बनाए ना?" बनवला होता खरा, पण गंमत म्हणून. आजवर कोणी पाळला नव्हता. मी पाळायचं ठरवलं.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी सकाळी अक्कलकोटची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे जाण्याचा प्रवास शंभराच्या आत झाला. अक्कलकोटला उतरून स्टँडबाहेर चुरमुऱ्यांची सुशीला आणि मिरचीची भजी खाल्ली. तिथे जाणार असाल तर सुशीला चुकवू नका, पण कढई ताजी चढलेली बघून घ्या. दुधनीची गाडी तासाभराने लागली. पुढचा रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे हाडं मोजणारा. दोन्ही बाजूंना काढणीची तूर, गाडीत निम्मं मराठी, निम्मं कानडी.

कंडक्टरने विचारलं, "दुधनीत काय काम काढलं?"

"एक प्रश्न विचारायचाय."

"फोन न्हाय व्हय तुमच्याकडं?"

"आहे की. पण फोनवर चालत नाही."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिकीट फाडलं.

बाजारात तुरीचे ढीग आणि नाकात जाणारी धूळ. रुमाल न्या. अण्णा काट्यापाशी उभे होते. मला बघून म्हणाले, "ताई, तुमी? हितं?"

"प्रश्न विचारायला आलेय."

"फुटबॉल सोडलं मी." आणि पुढचं पोतं चढवलं.

मी एका पोत्यावर बसले. दोन तास बसले. वजन आटोपल्यावर हमालांच्या देखत उभी राहिले आणि तोच प्रश्न विचारला, शब्द न बदलता. अण्णा म्हणाले, "कॉर्नर."

"बरोबर. तेव्हाही बरोबर होतं. आणि काट्याचं बोलले ती माझी चूक. वाईट बोलले, अण्णा."

त्यांनी हात झटकले. "आता माजा एक. रेफ्रीला चुकल्याला निकाल कधीपतुर फिरवता येतोय?"

"खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत. एकदा सुरू झाला की नाही." उत्तर देता देताच लक्षात आलं. आम्ही तर त्यानंतर कितीतरी रविवार खेळलो होतो.

"बरोबर," अण्णा म्हणाले. "चला, जेवायला."

घरी काकूंनी "बर्री, बर्री, या या" करत आत घेतलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. अण्णा हात धुवायला गेले तशा त्या हळूच म्हणाल्या, "सोडलं म्हनतेत की न्हाय? दर आयतवारी सकाळी मला असलेच प्रश्न इचारतेत. मला काय कळतंय त्यातलं? मी आपलं दर बारीला ब्राझील म्हनते."

मी हसले. अण्णांनी स्टँडपर्यंत सोडलं. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही नाही. संध्याकाळी घरी पोचले तेव्हा केसांत तुरीचा भुसा होता.

आता सोलापुरात बसून हे लिहितेय. दुधनीत बघायला काय आहे, असं विचाराल तर सांगता येणार नाही. पण कुणाच्या बाबतीत आपलं काही चुकलं असेल, तर एसटीत बसून जा. पोत्यावर दोन तास बसणं मला फोनपेक्षा सोपं गेलं.

परवाच्या रविवारी शटरखालून वाकून एक पांढरी टोपी आत आली.

"निकाल फिरवा," अण्णा म्हणाले. "तुमचा खेळ सुरू झाला आसंल, मी कुटं खेळलोय तवापास्नं? त्या दिवशीचा पयला चहा माजा हाय."

इरफानभाईंनी पहिला कप त्यांच्या हातात दिला. घोट घेऊन अण्णांनी मला असा अवघड प्रश्न घातला की माझं डोकंच चालेना.

"ब्राझील," मी म्हटलं.

"चूक," अण्णा म्हणाले. "ताई, काटा तपासून घ्या की जरा."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.